वॉर्डातली शंभर वर्षे

१ ऑक्टोबर २०२६ रोजी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. आपल्या सैन्यदलांत केवळ महिला अधिकाऱ्यांचे असे हे एकच दल. भूदल, नौदल आणि वायुदल या तिन्हींच्या रुग्णालयांत याच दलाच्या परिचारिका काम करतात. त्यामुळे कुलाब्याच्या 'आयएनएचएस अश्विनी'त नौसैनिकाच्या उशाशी उभी असलेली सिस्टर हुद्द्याने कॅप्टन किंवा मेजर असते, आणि तिचा कॅप्टन हा नौदलातल्या कॅप्टनपेक्षा बराच कनिष्ठ असतो. नव्याने भरती झालेले खलाशी यात हमखास गोंधळतात.

या शताब्दी स्मरणिकेसाठी दलाचा इतिहास लिहायला बसले की पहिली अडचण कागदांची येते. लष्करी दप्तरात लढाया आहेत, सेनापती आहेत, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत. परिचारिकेचे काम मात्र बहुधा न घडलेल्या गोष्टींत असते. जखम चिघळली नाही, पाठीला व्रण पडला नाही, रात्री तीन वाजता चढलेला ताप वेळेवर लक्षात आला. असल्या गोष्टींचे खलिते कुणी पाठवत नाही. जे कागद हाती आहेत त्यांतून एक सूत्र मात्र स्वच्छ दिसते. लढाई पेटली की परिचारिका हव्या होतात, घाईने भरती होते, नियम सैल होतात. तह झाला की खर्चाचा हिशेब निघतो. प्रत्येक युद्धाने हातावर ठेवलेले थोडेथोडके शांततेच्या वर्षांत टिकवायचे, त्याला कायमचे रूप मिळवून द्यायचे, हे काम पिढ्यान्‌पिढ्या अनेक जणींनी मिळून केले. त्यांची नावे सहसा नोंदलेली नाहीत, म्हणून या लेखात व्यक्तींपेक्षा कामाचाच उल्लेख अधिक आहे.

त्याआधीची अडतीस वर्षे

दलाचा वाढदिवस १९२६ चा धरला जातो, पण जन्म त्याआधीचा. मार्च १८८८ मध्ये इंग्लंडहून आलेल्या दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. त्यांच्या प्रमुख कॅथरिन ग्रेस लॉक. मुंबईहून एक गट रावळपिंडीला गेला आणि दुसरा बंगळूरला. त्यांना बोलावण्यामागे सरसेनापती रॉबर्ट्‌स यांच्या पत्नीचा मोठा पाठपुरावा होता. त्यांनी वर्गणी जमवून थंड हवेच्या ठिकाणी परिचारिकांसाठी विश्रांतिगृहेही उभी केली.

निकड कशाची होती? गोळीची नव्हे, विषमज्वराची. हिंदुस्थानात नव्याने आलेले कोवळे गोरे शिपाई टायफॉइडने पटापट दगावत. त्यावर औषध नव्हते. अंग पुसणे, पातळ अन्न घोटाघोटाने भरवणे, भांडीकुंडी व मलमूत्राची स्वच्छता ठेवणे आणि तीन-चार आठवडे रोग्याला पडून राहायला लावणे, एवढाच उपचार; म्हणजे उपचार संपूर्णपणे शुश्रूषेचा. तोवर हे काम पलटणीतल्याच एखाद्या शिपायाकडे असे, आणि त्याला ते शिकवलेले नसे. पाच वर्षांत, १८९३ साली, या तुकडीला इंडियन आर्मी नर्सिंग सर्व्हिस असे रूप मिळाले. पुढे १९०२ च्या सुमारास राणी अलेक्झांड्राचे नाव तिला जोडले गेले.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी. ही सारी व्यवस्था गोऱ्या फौजेपुरती होती. हिंदी शिपायाचे रुग्णालय म्हणजे पलटणीचेच छोटे रुग्णालय. तिथे त्याला पाणी द्यायला पलटणीतलाच सोबती. परिचारिका त्या दारात पोचायला एक महायुद्ध लागले.

एतद्देशीय मुली मात्र दरम्यान शिकू लागल्या होत्या. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८८६ च्या सुमारास परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. मिरजेला वॅनलेस यांच्या मिशन रुग्णालयाची सुरुवात १८९४ ची, तिथेही लवकरच मुली शिकू लागल्या. रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने १९०९ नंतर ससून रुग्णालयात मुली पाठवल्या, त्यांत विधवा होत्या, परित्यक्ता होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, शिवाय विटाळाचा प्रश्न. पांढरपेशा घरांनी या धंद्याला नाके मुरडली आणि ख्रिस्ती मुलींनी तो उचलून धरला. लष्करी नर्सिंगमध्ये पुढली कित्येक वर्षे अँग्लो-इंडियन आणि हिंदी ख्रिस्ती नावेच अधिक का दिसतात, याचे उत्तर इतकेच आहे.

महायुद्धाचे दशक : १९१४ ते १९२६

ऑगस्ट १९१४ नंतर चित्र बदलले. इंग्लंडहून परिचारिका आणायला वेळ नव्हता आणि तिकडेच त्या कमी पडत होत्या. तेव्हा प्रथमच हिंदुस्थानात परिचारिकांची भरती झाली आणि 'टेंपररी इंडियन नर्सिंग सर्व्हिस' उभी राहिली. तिच्यातल्या कित्येक जणी एडन, इजिप्त आणि मेसोपोटेमियाच्या रुग्णालयांत गेल्या.

त्या युद्धात मुंबई हे जखमींचे बंदर होते. बसऱ्याहून निघालेली जहाजे बॅलार्ड पिअरला आणि गोदीत लागत. मेसोपोटेमियातल्या कूतच्या मोहिमेत जखमींचे जे हाल झाले त्यांची पुढे सरकारी चौकशी झाली आणि १९१७ च्या अहवालाने लंडनमध्ये खळबळ उडाली. ती माणसे अखेर मुंबईच्याच वॉर्डांत आली. आज आपण मुलांना घेऊन जातो ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे त्या वेळचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, तेव्हा नुकतेच बांधून झाले होते. मूर्ती आणि चित्रे तिथे नंतर आली. त्याआधी घुमटाखाली खाटा मांडून लष्करी रुग्णालय चालवले गेले. जनतेसाठी संग्रहालय उघडले ते १९२२ मध्ये.

ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी एक मोठी प्रवासी बोट रुग्णालय-जहाज म्हणून दिली. तिचे नाव 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंधिया कंपनीने हीच बोट घेतली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. राष्ट्रीय नौकानयन दिन आपण याच तारखेला साजरा करतो. त्या बोटीच्या पोटात त्याआधी चार वर्षे जखमींच्या खाटा होत्या, हे त्या दिवशीच्या भाषणांत सहसा कुणी सांगत नाही.

जखमा कशा होत्या हे थोडे सांगायला हवे. पेनिसिलिन नव्हते. खंदकातल्या मातीने माखलेली जखम उघडी ठेवायची, तिच्यात रबरी नळ्या घालायच्या आणि दर दोन तासांनी डेकिनचे जंतुनाशक द्रावण सोडायचे, अशी कॅरल-डेकिन पद्धत तेव्हा आली. पद्धत डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. दर दोन तासांनी, दिवसरात्र, प्रत्येक खाटेशी जाऊन नळ्या धुणारे हात परिचारिकेचे होते. पन्नास खाटांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेचे संपेस्तोवर पहिलीची वेळ भरत आलेली असे.

हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र सरकारचे पाय अडखळत होते. फ्रान्सच्या आघाडीवरचे हिंदी जखमी इंग्लंडात ब्रायटनच्या राजवाड्यात ठेवले गेले तेव्हा गोऱ्या बायकांनी त्यांची प्रत्यक्ष शुश्रूषा करू नये असा दंडक होता. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या खुदादाद खानाशेजारी उभ्या असलेल्या एका परिचारिकेचे छायाचित्र लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आले, त्यावर गदारोळ झाला आणि देखरेखीपुरत्या असलेल्या परिचारिकाही १९१५ मध्ये बहुतेक ठिकाणांहून काढून घेतल्या गेल्या. शिपायाची काय इच्छा आहे, हे कुणी विचारल्याचे दिसत नाही. युद्धाच्या रेट्याने ही भिंत हळूहळू खचली. १९१८ मध्ये पलटणींची सुटी रुग्णालये मोडून हिंदी फौजेसाठी ठाणेवार मोठी रुग्णालये करण्याचा निर्णय झाला, १९२० मध्ये इंडियन हॉस्पिटल कोअर निघाले. मोठे रुग्णालय म्हटले की मेट्रन आली, सिस्टर आली.

खडकीच्या युद्ध दफनभूमीत पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. हिंदुस्थानात इतरत्र पुरलेल्या अठराशेहून अधिक जणांची नावे त्यावर आहेत. मुंबईच्या रुग्णालयांत काम करण्यासाठी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या आणि इथल्याच साथीत गेलेल्या परिचारिकाही त्या यादीत आहेत. पुण्याच्या वाचकांनी वेळ काढून ती नावे पाहावीत.

१ ऑक्टोबर १९२६ रोजी तात्पुरत्या सेवेला कायम स्वरूप मिळाले. हिंदी सैनिकांच्या रुग्णालयांसाठी स्वतंत्र परिचारिका सेवा सैन्याच्या कायम रचनेत आली. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत सुरुवातीची मंजूर संख्या दिलेली असते ती अशी : १२ मेट्रन, १८ सिस्टर आणि २५ स्टाफ नर्स. पंचावन्न जणी. वायव्य सरहद्दीपासून ब्रह्मदेशापर्यंत पसरलेल्या फौजेला.

तीसचे दशक

हे दशक काटकसरीचे. जागतिक मंदीत लष्कराच्या खर्चाला कात्री लागली आणि दल वाढण्याचा प्रश्नच उरला नाही. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा शहर भूकंपात जमीनदोस्त झाले. छावणीचा भाग बराचसा वाचल्यामुळे लष्करी रुग्णालयांवर सारा भार आला. सैनिकांखेरीज नागरी जखमींची, त्यातही बायकामुलांची एवढी मोठी संख्या हाताळण्याचा हा अनुभव पुढे फार उपयोगी पडला. याच वर्षी मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि शिकलेली परिचारिका कोण, याला कायद्याचा आधार मिळाला.

चाळीसचे दशक

दलाचा कायापालट करणारे दशक हेच. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा परिचारिका मोजक्याच होत्या. काही वर्षांतच त्या हजारांत गेल्या. उत्तर आफ्रिका, इराक, इटली, मलाया, ब्रह्मदेश, जिथे हिंदी फौज तिथे या.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडायच्या बेतात असताना परिचारिकांना जहाजांवर चढवून बाहेर काढण्यात आले. त्यांपैकी 'कुआला' हे जहाज १४ फेब्रुवारीला सुमात्राच्या बाजूला एका बेटाजवळ जपानी विमानांनी बुडवले. जहाजावर बायका, मुले आणि अनेक सेवांच्या परिचारिका होत्या, त्यांत आपल्या दलाच्याही. काही पाण्यात गेल्या, काही बेटावर पोचून पुन्हा बंदी झाल्या. त्या महायुद्धात मृत, बंदी आणि बेपत्ता मिळून दलाच्या सुमारे ३५० परिचारिकांची हानी झाल्याचे दलाच्या इतिहासात सांगितले जाते. दलाची सुरुवात पंचावन्न जणींनी झाली होती, हे ध्यानात घेतले की या आकड्याचे वजन कळते.

तुटवडा इतका होता की सहा महिन्यांचे शिक्षण देऊन सहायक परिचारिका तयार करण्याची योजना निघाली. जाणत्या सिस्टरांना ती फारशी रुचली नाही. त्याबाबत जी मतमतांतरे झाली त्यांचा तपशील येथे अप्रस्तुत आहे. त्या मुलींनी पुढे वॉर्ड सांभाळून दाखवले, एवढे नोंदवणे पुरे.

१९४३ मध्ये वटहुकूम काढून इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची घटना झाली आणि परिचारिकांना कमिशन मिळाले. एरवी वटहुकमाचे आयुष्य सहा महिन्यांचे. पण युद्धकाळातल्या खास तरतुदीमुळे या वटहुकमांना ती मुदत नव्हती. त्यामुळे स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, तरी दलाचा कारभार आजतागायत त्याच वटहुकमाच्या आणि १९४४ च्या नियमांच्या आधाराने चालतो. युद्धाच्या गडबडीत लिहिलेला कागद ऐंशी वर्षे चालवून घेणे, यात आपल्या प्रशासनाची चिकाटी म्हणावी की आळस, ते वाचकांनी ठरवावे.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर खरा शत्रू मलेरिया होता. चौदाव्या सेनेचे सेनापती स्लिम यांनी नोंदवून ठेवले आहे की १९४३ मध्ये एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे पाठवावे लागत. मलेरिया, आमांश, झुडपांतल्या माइट किड्यांमुळे येणारा ताप. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून येणाऱ्या रुग्णगाड्या आणि आसाम-बंगालमधली बांबूच्या भिंतींची रुग्णालये यांतून ही माणसे बरी करून परत पाठवायची होती. पुढे आघाडीजवळच मलेरियाचे उपचार सुरू झाले, परिचारिकाही पुढे गेल्या आणि आकडे झपाट्याने उतरले. पेनिसिलिन आले, पण ते काही आजच्यासारखी गोळी नव्हते. दर तीन तासांनी इंजेक्शन. सुया उकळायच्या, दगडावर धार लावायची, पुन्हा उकळायच्या. झोपलेल्या शिपायाला मध्यरात्री उठवून टोचणारी सिस्टर त्याला काही देवदूत वाटत नसणार.

त्याच आघाडीच्या पलीकडे आझाद हिंद सेनेच्या झाशीची राणी पलटणीतल्या मुलीही जखमींची शुश्रूषा करत होत्या, आणि तिथल्या परिचारिका पथकाला नाव होते चांदबिबीचे. अहमदनगरचा किल्ला लढवणाऱ्या राणीचे. दोन्ही बाजूंच्या वॉर्डांत मलेरिया तोच.

महाराष्ट्राच्या छावण्यांना या काळात रुग्णालयांचे रूप आले. पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर येथे आघाडीवरून मागे आलेल्यांची सोय होती. मे १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पाय गमावलेला जवान तिथे केवळ जयपूर-मद्रासहूनच नव्हे, तर थेट इटलीहूनही येई. अपंग सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज संस्था तर १९१७ पासूनची, आधी मुंबईची आणि नंतर खडकीची. युद्धाने मोडलेली माणसे दुरुस्त करण्याचे गाव म्हणून पुण्याची जी ओळख लष्करात आहे, ती या दोन युद्धांतून तयार झाली.

देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ चा. त्यात देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे म्हटले आहे. युद्धातून मोकळ्या झालेल्या परिचारिकांना नागरी रुग्णालयांनी हातोहात उचलले यात नवल नाही. वर्षभरात फाळणी झाली. फौजेबरोबर रुग्णालयांची, उपकरणांची आणि माणसांचीही वाटणी झाली. दलातल्या मैत्रिणी दोन देशांच्या सेवेत गेल्या. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरची लढाई उभी राहिली ती ही वाटणी पुरी होण्याआधीच.

पन्नासचे दशक

प्रजासत्ताकाच्या पहिल्या दहा वर्षांत घडी बसवण्याचे काम झाले. 'मेट्रन', 'प्रिन्सिपल मेट्रन' या पदांच्या जोडीला लष्करी हुद्दे रुळू लागले. लष्करी रुग्णालयांतून तीन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या शाळा चालत. केरळच्या मुली मोठ्या संख्येने येऊ लागल्या त्या याच काळात आणि पुढील अनेक दशके त्यांनी दल अक्षरशः पेलून धरले. मल्याळी सिस्टर, पंजाबी जवान आणि मराठी वॉर्डबॉय यांच्यातून जी हिंदी तयार झाली, ती ऐकण्यासारखी असे. पुण्यात १ मे १९४८ रोजी स्थापन झालेले सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, सर्वांच्या तोंडी 'एएफएमसी', आता स्थिरावले होते.

साठ आणि सत्तरचे दशक

१९६२ च्या हिवाळ्यात तेजपूरपासून लखनौ-दिल्लीपर्यंतच्या रुग्णालयांत हिमदंशाचे रुग्ण आले. सुती कपड्यांत आणि साध्या बुटांत बर्फात लढलेल्यांचे ते पाय. हिमदंशात घाई चालत नाही. पाय चोळायचा नाही, थेट विस्तवाशी न्यायचा नाही, काळी पडलेली बोटे कोरडी व निर्जंतुक ठेवून वाट पाहायची. निसर्ग सीमारेषा आखून देतो, मग कापायचे. हे वाट पाहण्याचे आठवडे नि महिने परिचारिकांच्या हाती असतात.

या पराभवाने लष्करी वैद्यकाच्या विस्तारालाही गती दिली. १९६४ मध्ये एएफएमसीत नर्सिंग महाविद्यालय सुरू झाले आणि वानवडीच्या आवारात मुली बी.एस्सी. नर्सिंग शिकू लागल्या. शाळेतून महाविद्यालयात आणि प्रमाणपत्रातून पदवीत, हा दलाच्या इतिहासातला फार मोठा टप्पा. सकाळी कमांड हॉस्पिटलमध्ये वॉर्ड, दुपारी वर्ग, संध्याकाळी परेड असा तिथला दिनक्रम. पुणे विद्यापीठाच्या पदवीमुळे लष्कराबाहेरही तिला मान मिळाला.

१९६५ च्या युद्धातला एक रुग्ण महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर, लष्कराच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलातले (ईएमई) जवान आणि मुष्टियोद्धे. अनेक गोळ्या लागल्या, एक मणक्याजवळ रुतून राहिली आणि कमरेखालचे शरीर लुळे झाले. त्यांच्यावर मुंबईच्या अश्विनी रुग्णालयात उपचार झाले, व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांच्यावर चित्रपट निघाला, सन्मान मिळाले, ते योग्यच. पण पाठीचा कणा दुखावलेला माणूस पाण्यात उतरण्याइतका कशाने राहतो? त्याला पाठीची संवेदना नसते, म्हणून एका कुशीवर पडून राहिला तर काही तासांत कातडी मरते आणि हाडापर्यंत व्रण होतो. त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. घाम पुसायचा, चादरीची सुरकुतीसुद्धा राहू द्यायची नाही, लघवीच्या नळीतून जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहायचे. आणि हे महिनोन्‌महिने, त्या माणसाची चिडचिड, शिव्या आणि मरून जाण्याच्या गोष्टी ऐकत. त्या काळी अशा रुग्णांचे मरण गोळीने नव्हे, व्रणांनी आणि मूत्रपिंडे निकामी झाल्याने येई. जे वाचले ते कुणीतरी रात्री दोनला आणि चारला उठून कूस बदलली म्हणून. १९७४ मध्ये खडकीला अशा सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले आणि या शुश्रूषेला कायमचे घर मिळाले.

डिसेंबर १९७१ च्या युद्धात तेरा दिवसांत लढाई संपली, वॉर्डांतले काम वर्षभर पुरले. सुरुंगांनी उडालेले पाय या युद्धात फार. मुंबईत वाढलेले मेजर इयान कार्डोझो यांनी सुरुंगाने चिंधड्या झालेला आपला पाय स्वतःच खुकरीने तोडला, त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली ती युद्धबंदी असलेल्या पाकिस्तानी शल्यविशारदाने, आणि पुढे पुण्याच्या केंद्रातला पाय लावून ते तुकडीचे नेतृत्व करायला परतले. बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीचे सेक्टर कमांडर अबू ताहेर यांचा पाय कमालपूरच्या लढाईत गेला. तेही उपचारासाठी पुण्यात होते आणि एप्रिल १९७२ मध्ये मायदेशी गेले. एकाच छताखाली आपला जवान, मुक्तिवाहिनीचा तरुण आणि इतर ठाण्यांवर तर शत्रूचा युद्धबंदीही. जिनिव्हा करार वॉर्डात कुणी वाचून दाखवत नाही. तापाचा तक्ता सर्वांचा सारखाच भरला जातो.

ऑगस्ट १९७६ मध्ये जी. ए. राम या मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यात या हुद्द्यावर पोचलेली ही पहिली स्त्री, आणि ती परिचारिका होती. सैन्यातल्या स्त्रियांची चर्चा आज होते ती लढाऊ विमाने आणि तोफखाना यांच्या संदर्भात. या नेमणुकीला पन्नास वर्षे झाली याची आठवण त्या चर्चेत क्वचितच निघते. दुसऱ्याच वर्षी कायम कमिशनच्या सेवाशर्ती ठरल्या. त्यांत विवाह केल्यास सेवा संपुष्टात आणण्याची तरतूद होती.

ऐंशी आणि नव्वदचे दशक

एप्रिल १९८४ मध्ये सियाचिनवर आपली फौज चढली आणि तेव्हापासून तिथली लढाई थांबलेली नाही, कारण ती हवेशी आहे. लेहचे लष्करी रुग्णालय सुमारे साडेअकरा हजार फुटांवर. फुफ्फुसांत आणि मेंदूत पाणी साठण्याच्या उंचीवरच्या आजारांची शुश्रूषा इथे जगाला शिकवावी इतकी पक्की झाली. परिचारिकेला स्वतःलाही आधी त्या हवेला सरावावे लागते. पोस्टिंगवर हजर झाल्या-झाल्या जिना चढायला मनाई असते, ही गंमत प्रत्येक जण सांगते.

१९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेचे जखमी दक्षिणेतल्या रुग्णालयांत आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आणि लातूर-उस्मानाबादच्या मातीच्या घरांखालून माणसे काढायला सैन्य आले तेव्हा लष्करी वैद्यकीय पथकेही आली. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल. द्रास आणि बटालिकच्या कड्यांवरून हेलिकॉप्टरने उतरवलेले जवान श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलमध्ये येत. आधी कोणाला आत घ्यायचे हे दारातच ठरवावे लागे, आणि ते ठरवणाऱ्यांत ट्रायेजच्या टेबलाशी उभी असलेली सिस्टर असे.

विवाहाची ती अट ऑगस्ट १९९५ मध्ये मागे घेतली गेली. तोवर अनेक चांगल्या अधिकारी दलाने गमावल्या होत्या. दर्जा, वेतनश्रेणी, सलामी आणि माजी सैनिक म्हणून मिळणाऱ्या सवलती यांवरही या दोन दशकांत आणि नंतर बरेच वाद झाले, काही न्यायालयांत गेले. शताब्दीच्या पानांत त्यांची उजळणी नको, असे संपादकांचे मत आहे आणि ते मानले आहे. विवाहाच्या अटीचा शेवट मात्र सांगायला हवा. १९८८ मध्ये लग्न केल्यामुळे सेवेतून मुक्त केल्या गेलेल्या एका अधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये न्याय दिला. अशी अट उघडउघड मनमानी आणि स्त्रीपुरुषभेदाची आहे असे ठरवून त्यांना ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. छत्तीस वर्षे लागली.

नव्या शतकात

रुग्णालयांतल्या जुन्या शाळांच्या जागी टप्प्याटप्प्याने पदवी महाविद्यालये आली. आज पुण्यातील एएफएमसी, मुंबईची अश्विनी, कोलकाता, लखनौ, बंगळूर आणि नवी दिल्ली अशी सहा महाविद्यालये आहेत. त्यांतली दोन महाराष्ट्रात, आणि त्यांच्या पदव्या आता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. पहिल्या वर्षाच्या मुलींचा दीपप्रज्वलन सोहळा आणि चार वर्षांनंतरचा कमिशन प्रदान सोहळा या दोन दिवशी वानवडीच्या आवारात आईवडिलांची गर्दी असते. लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे लावताना वडिलांचे हात थरथरतात आणि फोटोवाला त्यांना पुन्हा एकदा लावायला सांगतो.

करोनाच्या साथीत लष्करी वैद्यकीय सेवेवर नागरी रुग्णांचा भार आला. दिल्ली छावणीत जुलै २०२० मध्ये उभारलेले १,००० खाटांचे रुग्णालय चालवले सशस्त्र दलांच्या डॉक्टर-परिचारिकांनी. पीपीई घालून सहा-आठ तास पाणीही न पिता काम करायचे, रुग्णाच्या घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून द्यायचा, शेवटचाही. राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार २०२० साठी ब्रिगेडियर एस. व्ही. सरसम्मा यांना मिळाला. पुढे मेजर जनरल स्मिता देवरानी आणि ब्रिगेडियर अमिता देवरानी या सख्ख्या बहिणींनाही लागोपाठच्या वर्षांत तो मिळाला. पुरस्कार घेताना अशा अधिकारी दलाचे नाव पुढे करतात तेव्हा ते औपचारिक वाटते, पण वॉर्डात एकटीचे असे काही नसतेच. सकाळच्या पाळीने जे लिहून ठेवले त्यावर रात्रपाळी चालते. आर्मी मेडिकल कोअरचे नर्सिंग असिस्टंट, ड्रेसर, सफाईवाले, स्वयंपाकघर यांचा या इतिहासातला वाटा वेगळा काढता येत नाही.

प्रवेशाची रीत शेवटी सांगतो, कारण ही स्मरणिका कनिष्ठ महाविद्यालयांतही जाणार आहे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी असावे. 'नीट' या प्रवेशपरीक्षेचे गुण लागतात, त्यानंतर लष्कराची संगणकावरची बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची चाचणी, मग मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. सहा महाविद्यालयांत मिळून अलीकडच्या वर्षांत २२० जागा आहेत. शिक्षण, निवास आणि गणवेश सरकारकडून. त्याबदल्यात सेवेचा करार करून द्यावा लागतो. अर्ज अविवाहित, घटस्फोटित किंवा विधवा मुलींना करता येतो. पदवी हाती आली की पहिले पोस्टिंग कुठे लागेल ते कुणी सांगत नाही. देवळाली लागली तर घरच्यांना बरे वाटते, लेह लागले तर मुलीला.